परसबागेचं पाणी कोण भरणार?

धुळे-सोलापूर महामार्गावरचं, पैठण तालुक्यातलं पाचोड मोसंबीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना मात्र हे गाव वेगळ्या कारणाने माहीत आहे. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने १९९०च्या दशकाच्या अखेरीस परिसरातल्या किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले. त्यानंतर त्या गावांत मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १६वरून १७वर गेलं. एक वर्ष म्हणजे किती, असं वाटेल. पण एका गरोदरपणात बाईच्या शरीराला सुमारे १००० मिलिग्रॅम जादा लोह लागतं. ते साठवायला मिळालेलं एक वर्ष लहान नव्हे.

हा साठा बहुतेकींकडे नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हेच प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे वाढलंच.

उपाय म्हणून परसबागेचं नाव हमखास पुढे येतं. 'उमेद' अभियानाने बचत गटांमार्फत 'माझी पोषण परसबाग' मोहीम राबवली, शाळांमधल्या पोषणबागांसाठी केंद्राने २०१९मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. कल्पना चांगलीच आहे. पण तिच्याकडून नेमकं काय मिळतं आणि त्यासाठी कोण राबतं, हे दोन हिशेब सहसा मांडले जात नाहीत.

पहिला हिशेब लोहाचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं. १०० ग्रॅम पालकात ते जेमतेम ३ मिलिग्रॅम असतं, आणि त्यातलंही थोडंच रक्तात पोहोचतं. बाजरीतली फायटेट्स आणि जेवणाबरोबरचा चहा ते अडवतात. क जीवनसत्त्व मात्र हे लोह शोषलं जाईल अशा रूपात आणतं. म्हणून मेथीच्या भाजीवर ताटात पिळलेलं लिंबू किंवा जेवणाबरोबर खाल्लेली मोसंबी उपयोगी पडते. शिजवताना घातलेल्या लिंबाचा तेवढा फायदा नाही, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं. मोसंबीच्या या पट्ट्यात सगळी फळं ट्रकमध्ये न चढता दोन घरातल्या मुलीच्या ताटात पडली, तर तेही परसबागेइतकंच मोलाचं. तरीही रक्तक्षय असलेल्या मुलीला नुसत्या भाजीने भागत नाही. शाळा-अंगणवाडीतून आठवड्याला मिळणारी लोह-फॉलिक आम्लाची गोळी चुकवायची नाही. बागेचं काम गोळीच्या जोडीने चालतं.

दुसरा हिशेब पाण्याचा, आणि बागा बहुधा इथेच मरतात. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं, तरी ५०० लिटर लागतात. १५ लिटरचा हंडा धरला तर तेहेतीस हंडे! मराठवाड्यात मे महिन्याची तहान याहून जास्तच. नाथसागर याच तालुक्यात असला, तरी तो दारात नाही. हंडे भरणार कोण? जिचं रक्त वाढावं म्हणून बाग लावली, तीच.

शाळेच्या बागेचा प्रश्न निराळा. पाण्याची ओढ असते नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी. जूनमध्ये मुलं परत येतात तेव्हा वाफ्यात वाळलेल्या काड्या.

त्यामुळे अशा बागेचा समन्वय करणाऱ्या व्यक्तीने, मग ती आशाताई असो, बचत गटाची अध्यक्ष असो की मास्तर, बियाणांची पाकिटं वाटण्याआधी वेळापत्रक मांडावं. सगळी मेथी एकाच दिवशी पेरली तर महिन्याने एकदम भाजी निघते आणि पुढचा पंधरवडा काहीच नाही. वाफे पाडून दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरायचं. मार्चपासून पालेभाज्यांचं क्षेत्र दोन वाफ्यांवर आणायचं आणि बाकीचा भार शेवगा, कढीपत्ता, हादगा, पपई यांच्यावर टाकायचा. शेवगा एकदा रुजला की फारसं पाणी मागत नाही, आणि त्याच्या पाल्यात पालकापेक्षा जास्त लोह असतं. वाफ्यावर पाचटाचा किंवा वाळक्या पानांचा थर द्यावा, जमिनीत न भाजलेलं नव्हे, तर भाजलेलं पण पाझरणारं मडकं पुरावं. सांडपाणी पपईला, अळूला चालतं. कच्ची खायची कोथिंबीर मात्र त्यावर वाढवू नये. पाणी देण्याच्या पाळीत पुरुषांची नावंही लिहावीत. ही बाब किरकोळ वाटते, पण बाग टिकेल की नाही हे इथेच ठरतं.

लोकांनी एकत्र येऊन पिकवायचं आणि एकमेकांकडून शिकायचं, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' याच पायावर उभा केला. त्यांच्या विचारातून मुंबईत प्रीती पाटील यांनी पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाजी पिकवली. पुढे त्यांच्या 'अर्बन लीव्हज्' गटाने धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात रविवारी स्वयंसेवक जमवले. एकेकाळच्या कचराभूमीवर उभ्या राहिलेल्या उद्यानात शहरी माणसं मातीत हात घालू लागली. वार ठरलेला, कामं वाटलेली, म्हणून ते जमलं.

राहतो प्रश्न ताटाचा. घरात सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाजी उरते का, हे बागेच्या वहीत कुठेच दिसत नाही. महिन्यातून एकदा गटाच्या बैठकीत 'काल भाजी कोणी कोणी खाल्ली' एवढं विचारलं, तरी बरंच कळेल.