धबधबा मागे सरकतो

औंढा नागनाथच्या डोंगरातला कुठलाही ओढा भाद्रपदात धरावा आणि पाण्याच्या उलट दिशेनं चालायला लागावं. सुरुवातीला दोन्ही काठांना सोयाबीन आणि हळद असते. थोडं वर गेलं की साग, पळस, धावडा लागतो, पायवाट संपते आणि ओढ्याचं पात्र हीच वाट होते. सह्याद्रीतल्या धबधब्यांची उंची इथं नाही. पाणी कुठं पुरुषभर, कुठं त्याच्या दुप्पट-तिप्पट खाली पडतं, इतकंच. पण हिंगोली जिल्ह्याची जमीन कशी घडली हे समजून घ्यायला या छोट्या धबधब्यांइतकी चांगली जागा नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी पात्रातले गोटे हातात घेऊन बघा. बहुतेक काळे, मधूनच एखादी पांढरी गारगोटी, क्वचित तांबूस अकीक. या सगळ्यांचं मूळ एकच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, तोही पुन्हा पुन्हा. आजही देशाचा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भाग या बेसॉल्टखाली आहे. पश्चिमेला सह्याद्रीत त्याची जाडी किलोमीटरहून जास्त भरते, पूर्वेकडे ती कमी होत जाते. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर खोल विंधनविवर घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपून खालचे जुने खडक लागले.

लाव्ह्याचा प्रत्येक थर वरून खाली सारखा नसतो. थंड होताना त्यातले वायू वर येतात आणि धिरड्याला जाळी पडावी तसा थराचा माथा भोकाभोकांचा होतो. पुढं त्या भोकांमधून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपतं, गारगोटी आणि झिओलाइट साचतात आणि पांढऱ्या ठिपक्यांचा, तुलनेनं ठिसूळ खडक तयार होतो. विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. थराच्या मधला भाग मात्र घट्ट, काळा पाषाण. दोन उद्रेकांमध्ये मोठा काळ गेला असेल, तर जुन्या थराचा माथा ऊन-पावसानं कुजायचा, त्याची माती व्हायची आणि पुढचा लाव्हा ती भाजून काढायचा. तोच हा तांबडा गेरूचा पट्टा.

आता धबधब्याला बगल देऊन त्याच्या कपारीत डोकवा. वरचा कठीण पाषाण छज्ज्यासारखा पुढं आलेला असतो आणि त्यात उभ्या भेगा दिसतात. लाव्हा थंड होऊन आकसताना पडलेल्या या भेगा. त्याखाली आत गेलेला तांबडा किंवा ठिपक्यांचा थर. त्यावर नख ओढलं तर भुकटी हाताला लागते. पडणारं पाणी आणि त्याचे शिंतोडे हा मऊ थर आतून पोखरत जातात. छज्ज्याचा आधार सुटला की उभ्या भेगेवर तो तुटतो आणि धोंडा खालच्या डोहात जाऊन पडतो. डोहातले धोंडे नीट बघा. ज्यांच्या कडा अजून धारदार आहेत ते अलीकडे पडलेले, गोल झालेले बरेच जुने. प्रत्येक धोंड्यागणिक धबधबा तेवढा मागे, म्हणजे उगमाकडे सरकलेला असतो.

नायगारा असाच चालत आलेला आहे. तिथं वर कठीण डोलोमाइट आणि खाली मऊ शेल आहे. सुमारे १२,००० वर्षांत तो ११ किलोमीटर मागे गेला. आपले ओढे वर्षातले काही महिनेच वाहतात, त्यामुळं इथला वेग फार कमी. पण एकाच ओढ्यावर धबधबा, मग सपाट पात्र, मग पुन्हा धबधबा असा जिना का लागतो, याचं उत्तर या थरांतच आहे.

या डोंगरातलं काही पाणी दक्षिणेला पूर्णेकडे जातं, काही उत्तरेला कयाधूकडे. कयाधू संत नामदेवांच्या नर्सीवरून आणि हिंगोली शहरातून पुढं पैनगंगेला मिळते. त्याच पैनगंगेवर, नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर सहस्रकुंड आहे. काळ्या पाषाणावरून अख्खी नदी अनेक धारांत फुटून पडते. पात्र मोठं, पाणी प्रचंड, पण खडक तोच.

धबधब्याच्या कपारीची आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गेरूच्या थरातून पाणी सहसा खाली उतरत नाही. वरच्या भेगांमधून मुरलेलं पाणी त्यावर अडतं आणि आडवं वाहत कपारीत बाहेर येतं. म्हणून मुख्य धारेपासून दूरही छतातून थेंब गळत असतात, तिथंच शेवाळ आणि नेचे वाढतात, दगडाखाली खेकडे असतात. वरचा ओढा आटल्यावरही हा पाझर काही काळ टिकतो आणि रानातल्या जनावरांची तहान भागवतो. उतारावरच्या विहिरींनाही असंच भेगांतून आलेलं पाणी मिळतं. त्यामुळं धबधब्यापर्यंत गाडी नेता यावी म्हणून डोंगर फोडून रस्ता काढायला माझा स्पष्ट विरोध आहे. सुरुंगानं नव्या भेगा पडल्या की पाणी वाट बदलतं, आणि आटलेला पाझर परत आणता येत नाही.

ओढ्यात उतरणाऱ्यानं लोंढ्याचं शास्त्रही समजून घ्यावं. भिजून फुगलेली काळी माती पाणी मुरू देत नाही, उघडा खडक तर नाहीच. त्यामुळं वर कुठंतरी सर कोसळली की डोक्यावर ऊन असतानाही काही मिनिटांत पाणी चढतं. नितळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जड झाला, की पात्रातून पळत न सुटता सरळ बाजूच्या चढावर जावं. सहस्रकुंडाला तर वरच्या इसापूर धरणातून किती पाणी सोडलं आहे याचीही आधी चौकशी हवी. परतीच्या पावसात विजांसह सरी बहुधा दुपारनंतर येतात. सकाळी लवकर निघावं आणि जेवणवेळेपर्यंत पात्राबाहेर यावं.