खडकवासला ते उजनी : मुठेतल्या जीवाणूंचा मागोवा

खडकवासल्याचे धरण 1879 साली पूर्ण झाले आणि पुण्याची तहान मुठा नदीवर सोपवली गेली. त्याआधी सव्वाशे वर्षे शहर मुख्यतः कात्रजहून नळाने हौदांपर्यंत येणारे पाणी आणि आडांचे पाणी पीत होते. धरणाने पाणी मुबलक केले. पण जितके पाणी घरात येते, जवळजवळ तितकेच मैलापाणी होऊन घराबाहेर पडते आणि नाल्यानाल्यांतून पुन्हा त्याच नदीला मिळते. वर प्यायची आणि खाली सोडायची, अशी मुठेची दुहेरी नेमणूक तेव्हापासून सुरू झाली.

पाण्यात नेमके कोण राहते, हे जगाला कळू लागले तेही याच सुमारास. रॉबर्ट कॉखने 1884 मध्ये कोलकात्यात पटकीचा जंतू ओळखला. आठ वर्षांनी हॅम्बर्गमध्ये पटकीची साथ आली आणि आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. हे शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत होते. शेजारचे अल्टोना प्रवाहाच्या खालच्या अंगाला होते, म्हणजे हॅम्बर्गचा मैला मिसळलेलीच नदी त्याच्या वाट्याला येत होती. तरीही तिथे साथीने फारसे पाय रोवले नाहीत, कारण अल्टोनाचे पाणी वाळूच्या संथ गाळणीतून जात होते. या गाळणीत खरे काम वाळूवर साचणारा बुळबुळीत थर करतो. तो थर जीवाणू आणि इतर सूक्ष्मजीवांचाच असतो आणि रोगजंतूंना अडवून संपवतो. अल्टोनाला जीवाणूंपासून वाचवले ते जीवाणूंनीच.

भारतात 1896 मध्ये अर्नेस्ट हॅन्किनने आग्र्याला गंगा-यमुनेच्या पाण्याचे प्रयोग केले. न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जंतू लवकर मरत, उकळलेल्या पाण्यात मात्र तो गुण राहत नसे. जीवाणूंना मारणारे विषाणू त्यामागे असावेत, असा अर्थ पुढच्या काळात लावला गेला. 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी मैलापाण्यात हवा सोडून, त्यात वाढलेला जिवंत गाळ पुन्हा पुन्हा वापरण्याची पद्धत मांडली. आजही जगभरातले असंख्य मैलाशुद्धीकरण प्रकल्प याच तत्त्वावर चालतात.

नदीही हेच काम स्वतः करते, पण तिच्या ऐपतीपुरते. पाण्यात प्राणवायू असेतो काही जीवाणू मैल्यातला अमोनिया नायट्राइटमध्ये आणि दुसरे त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. मैला वाढला की प्राणवायू संपतो, ही मंडळी मागे पडतात आणि सल्फेटवर जगणारे जीवाणू वरचढ होतात. उन्हाळ्यात नदीपात्रातून येणारा सडक्या अंड्यासारखा वास आणि तळाचा काळा गाळ ही त्यांचीच खूण.

या साऱ्या काळात नदीची तपासणी मात्र मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरली: पाण्यात कोलीफॉर्म किती? हा निकष उपयुक्त आहे, पाण्यात विष्ठा मिसळली का ते त्यातून कळते. पण बाकीच्या वस्तीचे काय झाले, हे तो सांगत नाही. नदीतले बहुसंख्य जीवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. गाळातला सगळा डीएनए थेट वाचता येऊ लागला, तेव्हा कुठे ती वस्ती दिसू लागली.

मुठेची अशी पाहणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. नचिकेत मराठे आणि स्वीडनमधील गॉथेनबर्ग विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराच्या वरचा आणि शहरातला गाळ ताडून पाहिला. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके शहरातल्या गाळात तीसपट होती. एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारी अशी 175 जनुके सापडली. कार्बापेनेम ही अतिदक्षता विभागातली राखीव औषधे. ती निकामी करणारी जनुकेही त्यांत होती. रुग्णालयांतल्या संसर्गासाठी कुप्रसिद्ध असलेल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरचा वाटा काही नमुन्यांत 29 टक्क्यांपर्यंत गेला होता. कोलिस्टिन या प्रतिजैविकाला निष्प्रभ करणारे जनुक मात्र शहरात सापडले नाही, ते वरच्या बाजूच्या एका नमुन्यात निघाले. ‘वरचे पाणी शुद्ध’ हा पुणेकरांचा भरवसा त्या एका नोंदीनेही हलायला हवा होता.

जानेवारी 2025 मध्ये तो हललाच. सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड आणि किरकटवाडीसारख्या नव्याने महापालिकेत आलेल्या गावांत, गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले. साथ ओसरेपर्यंत पुणे परिसरातली रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जीवाणू आढळला आणि सारे लक्ष पिण्याच्या पाण्याकडे वळले. ही गावे खडकवासला धरणाच्या कुशीत आहेत.

दरम्यान, मुठा शहरातच मुळेला मिळून होणाऱ्या मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानी कर्जाच्या मदतीने आखलेला 990 कोटींचा प्रकल्प 2016 मध्ये मंजूर झाला होता, त्यात अकरा नवी केंद्रे होती. त्याची पायाभरणी मार्च 2022 मध्ये झाली. सहा वर्षांचा हा विलंब अक्षम्य आहे, कारण नदी पुण्यात संपत नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात जाते आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. हॅम्बर्गच्या खाली अल्टोना होते, तसे पुण्याच्या खाली सोलापूर आहे.

केंद्रे पूर्ण झाल्यावर जीवाणूंची संख्या घटेल, पण प्रतिरोधक जनुके आपोआप नाहीशी होतील असे मानू नये. नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया त्यांच्यासाठी आखलेलीच नाही. म्हणून प्रत्येक केंद्रातून पाणी नदीत पडते तिथे आणि उजनीच्या तोंडाशी, कोलीफॉर्मबरोबर या जनुकांचीही नियमित मोजणी व्हायला हवी आणि तिचे आकडे सोलापूरकरांनाही पाहता यायला हवेत. कोविडच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सांडपाण्यातून विषाणूचा माग काढला होता. तंत्र शहरात आहे, माणसेही आहेत. महापालिकेने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती कामाला लावावीत.