आकाश घरोघरी नेणारा माणूस : गॅरेट सर्व्हिस

व्यापारी घराण्यात सोने हा केवळ धातू नसतो. तो पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास असतो. लग्नकार्य असो, दुकानाची अडचण असो वा उतारवय असो, तिजोरीतल्या चार तोळ्यांचा आधार मनाला धीर देतो. परंतु उद्या हेच सोने डोंगराडोंगराने सापडू लागले, तर त्या विश्वासाचे काय होईल?

हा प्रश्न १९०० साली एका अमेरिकन लेखकाने 'द मून मेटल' या छोट्या कादंबरीतून विचारला. दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात सोन्याचे अमाप साठे सापडतात, सोन्याचा भाव कोसळतो आणि जगातील सर्व चलने निराधार होतात. अशा वेळी डॉक्टर सिक्स नावाचा एक गूढ पुरुष पुढे येतो आणि 'आर्टेमिसियम' नावाचा नवा दुर्मिळ धातू देऊ करतो. सरकारे आणि सावकार त्याच्या मुठीत जातात. तो धातू आपल्या खाणीतून निघतो, असे तो सांगत असतो. प्रत्यक्षात तो किरणांच्या साह्याने चंद्रावरून ओढून आणलेला असतो. शेवटी रहस्य फुटते आणि चंद्राचीच लूट सुरू होते. मोल वस्तूत नसते, तिच्या दुर्मिळतेत आणि माणसाच्या हव्यासात असते, हे सांगणारी ही कथा परिग्रह-परिमाणाचा विचार ऐकत वाढलेल्या वाचकाला अपरिचित वाटणार नाही.

या कथेचे लेखक होते गॅरेट पटनम सर्व्हिस. पत्रकार, हौशी खगोल-अभ्यासक, गिर्यारोहक आणि विज्ञानकथेच्या पहिल्या पिढीतील लेखक, अशी त्यांची चौपदरी ओळख आहे.

वकिली सोडून लेखणीकडे

सर्व्हिस यांचा जन्म २४ मार्च १८५१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील शॅरन स्प्रिंग्ज या गावी झाला. कॉर्नेल विद्यापीठातून १८७२ साली पदवी घेतल्यावर त्यांनी कोलंबिया येथे कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. वकिलीची सनदही मिळाली; परंतु वकिली त्यांनी कधी केलीच नाही. ते वृत्तपत्राच्या व्यवसायात शिरले आणि पुढे 'न्यूयॉर्क सन' या दैनिकाच्या संपादकीय विभागात दीर्घकाळ काम करीत राहिले.

उदरनिर्वाह बातम्यांवर चालला, पण मन आकाशात गुंतलेले होते. 'सन'मधून ते ग्रहताऱ्यांविषयी निनावी लेख लिहीत. भाषा सोपी, विवेचन अचूक. हे लिहिणारा कोण, असे कुतूहल वाचकांत निर्माण झाले. आपल्या नावाशिवाय केलेले ज्ञानदानही लोकांपर्यंत पोहोचते, याचा हा बोलका दाखला होता.

छोट्या दुर्बिणीचे मोठे आकाश

त्या काळी चांगली दुर्बीण ही धनिकांची किंवा वेधशाळांची वस्तू होती. सामान्य माणसाने काय करावे? सर्व्हिस यांनी १८८८ साली 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी विथ अ‍ॅन ऑपेरा-ग्लास' हे पुस्तक लिहून उत्तर दिले. नाटकगृहात दूरच्या आसनावरून रंगमंच पाहण्यासाठी लोक जी लहानशी दुहेरी दुर्बीण नेत, तीच रात्री आकाशाकडे वळवा, असे त्यांचे सांगणे होते. पुस्तकाची रचनाही ऋतूंप्रमाणे होती : वसंतात काय पाहावे, हिवाळ्यात काय पाहावे.

या सल्ल्यामागे साधे विज्ञान आहे. डोळ्याच्या बाहुलीपेक्षा भिंगाचा व्यास मोठा असतो, म्हणून ते अधिक प्रकाश गोळा करते आणि मंद ताऱ्यांनाही दृश्यमान करते. कृत्तिकापुंजात नुसत्या डोळ्यांना साधारणतः सहा-सात तारे दिसतात. साध्या द्विनेत्रीतून तिथेच कितीतरी अधिक तारे उमलतात. आकाशगंगेचा दुधाळ पट्टा हा असंख्य ताऱ्यांचा समूह असल्याचीही खात्री पटू लागते. महागड्या साधनापेक्षा पाहण्याची शिस्त महत्त्वाची, हे सूत्र त्यांनी पुढील पुस्तकांतूनही सोडले नाही. १९०८ सालच्या एका पुस्तकात तर त्यांनी केवळ नुसत्या डोळ्यांनी करावयाचे आकाशदर्शन सांगितले.

चाळिशीनंतरचा धाडसी निर्णय

१८९२ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी 'सन'मधील स्थिर नोकरी सोडली. पोलाद-उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या अर्थसाह्याने 'युरेनिया' व्याख्यानमाला उभी राहिली होती. पडद्यावरील चित्रे, देखावे आणि प्रकाशयोजना यांच्या आधारे सर्व्हिस प्रेक्षकांसमोर विश्वाची आणि पृथ्वीची कहाणी उलगडत. चलच्चित्रे अजून बाल्यावस्थेत असताना ग्रहण आणि चंद्रभूमी रंगमंचावर पाहणे हा लोकांसाठी अपूर्व अनुभव होता. उद्योजकाचे धन आणि अभ्यासकाची तळमळ एकत्र आली की समाजाला काय मिळू शकते, हे या उपक्रमाने दाखविले.

याच सुमारास, त्रेचाळिसाव्या वर्षी, ते आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखरावर पोहोचले. ४,४७८ मीटर उंचीचे हे शिखर १८६५ साली प्रथम सर झाले तेव्हा उतरताना सातांपैकी चौघांचा मृत्यू झाला होता. पृथ्वीच्या ओढीपासून शक्य तितके दूर जावे, हा आपला हेतू असल्याचे सर्व्हिस सांगत. बोलण्यात विनोद होता; पण शिखरजी किंवा पालिताण्याची यात्रा केलेल्यांना त्यातील ओढ कळेल. उंचावर गेल्यावर पायथ्याच्या वस्तू लहान दिसतात आणि मनातल्या चिंताही.

मंगळाची कथा आणि एक मुलगा

१८९८ च्या आरंभी एच. जी. वेल्स यांच्या मंगळवासीयांच्या आक्रमणावरील कादंबरीची बदललेली रूपे अमेरिकन वृत्तपत्रांत छापली जात होती. तिचा उत्तरभाग म्हणून सर्व्हिस यांनी 'एडिसन्स कॉन्क्वेस्ट ऑफ मार्स' लिहिली. प्रसिद्ध संशोधक एडिसन हेच तिचे नायक. पृथ्वीवरील राष्ट्रे निधी जमवून अंतराळयानांचा ताफा मंगळावर धाडतात. निर्वात पोकळीत वापरावयाचा पोशाख, अवकाशातील युद्ध, सोन्याने भरलेला लघुग्रह, या कल्पना तिथे मांडलेल्या आहेत. काश्मीरच्या खोऱ्यातून फार पूर्वी मंगळवासीयांनी पळवून नेलेल्या मानवांची वंशज असलेली तरुणीही या कथेत भेटते.

कथेचे दोष मात्र झाकण्याचे कारण नाही. मंगळावर कालवे आहेत हा तत्कालीन समज पुढे खोटा ठरला. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, शेवटी पृथ्वीचे वीर मंगळावर प्रलय घडवितात आणि असंख्य जीवांचा नाश होतो. लेखक त्याला विजय म्हणतो. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला हा शेवट खटकल्यावाचून राहत नाही. ज्ञान वाढले तरी सूडबुद्धी तशीच राहिली तर काय घडते, याचा इशारा म्हणूनच ती आज वाचावी.

तरीही या कथेने एक मोलाचे बीज पेरले. 'बोस्टन पोस्ट'मध्ये ती वाचणाऱ्यांत रॉबर्ट गोडार्ड नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. या कथांनी आपल्या कल्पनेची विलक्षण पकड घेतली, असे त्याने पुढे नमूद करून ठेवले. याच गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी द्रवरूप इंधनावर चालणारे जगातील पहिले रॉकेट उडविले. सर्व्हिस यांची ही कादंबरी पुस्तकरूपाने मात्र १९४७ मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी आली.

अखेरपर्यंत शिक्षक

पुढे 'अ कोलंबस ऑफ स्पेस'मध्ये त्यांनी अणुशक्तीवर चालणारे यान शुक्रावर नेले, तर 'द सेकंड डेल्यूज'मध्ये नव्या जलप्रलयाचे भाकीत करणारा आणि लोकांची थट्टा सोसत नौका बांधणारा वैज्ञानिक उभा केला. सत्तरी ओलांडल्यावरही त्यांची जिज्ञासा मावळली नाही. १९२३ साली आइन्स्टाइन यांचा सापेक्षतावाद सामान्यांना समजावणाऱ्या मूकपटासाठी त्यांनी साह्य केले. २५ मे १९२९ रोजी त्यांचे निधन झाले.

नक्षत्रांचा विचार जैन परंपरेला नवा नाही. तत्त्वार्थसूत्रात ज्योतिष्क देवांचे सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्र आणि तारे असे पाच भेद सांगितले आहेत. सूर्यप्रज्ञप्ती आणि चंद्रप्रज्ञप्ती हे आगमग्रंथ तर याच विषयाचे आहेत. त्या परंपरेतील श्रद्धा आणि आजचे विज्ञान यांची वर्णने भिन्न आहेत, परंतु मान वर करून पाहण्याची प्रेरणा दोन्हीकडे आहे.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात रात्रीचा पहिला प्रहर मोकळा असतो. कार्तिक-मार्गशीर्षात चांदणे नसलेल्या संध्याकाळी मुलांना गच्चीवर न्यावे, पूर्वेकडे कृत्तिका दाखवावी, आधी नुसत्या डोळ्यांनी आणि मग द्विनेत्रीतून तारे मोजायला सांगावे. ज्याचा भाव कधी कोसळत नाही, असे धन मुलांच्या हाती पडेल.