तुटते ती वायर, फेकली जाते बॅटरी

चैत्री पौर्णिमेपासून पंधरवडाभर विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते. चारोटीपासून देवळापर्यंत दुकानं लागतात, आणि खेळण्यांच्या प्रत्येक दुकानात हल्ली रिमोटच्या गाड्या असतात. यात्रा उठली की त्यांतल्या बऱ्याचशा गाड्या माझ्या टेबलावर येतात. तक्रार एकच असते, "ताई, बॅटरी गेली." प्लास्टिकचं आवरण सोडवून मीटर लावला की बहुतेक वेळा वेगळंच निघतं. सेल शाबूत असतात, सेलपासून प्लगपर्यंत जाणारी वीतभर वायर कुठेतरी तुटलेली असते. काही रुपयांच्या वायरीपायी चांगली बॅटरी उकिरड्यावर जाते, तिच्यासोबत गाडीही जाते, आणि पोराचा हट्ट पुरवायला बापाने दिलेली रोजीही वाया जाते. हे थांबवता येतं. कसं, ते सांगण्यासाठी हा लेख.

माझं माहेर तलासरीचं. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केला, लग्न होऊन डहाणूत आले आणि सासऱ्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात बसू लागले. सासऱ्यांच्या काळात ट्रान्झिस्टर आणि टेपरेकॉर्डर यायचे. आता मिक्सर, चार्जिंगच्या बॅटऱ्या, फवारणीचे पंप आणि मुलांच्या गाड्या येतात. माहेरी जाताना मी सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि वायरींची पेटी बरोबर नेते, कारण तिथेही ओटीवर कोणी ना कोणी गाडी घेऊन बसलेलं असतंच.

दुरूनच यंत्र चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओ लहरींवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली. तिच्या पोटातही बॅटरीच होती. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियम बॅटरी तयार केली, आणि तिचेच लहान सेल पुढे कितीतरी वर्षं खेळण्यांत बसत राहिले. लिथियम-आयन बॅटरी १९९१मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली. त्या शोधामागच्या तीन शास्त्रज्ञांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं, की गाडीत यांपैकी कोणती बॅटरी आहे हे आधी ओळखावं लागतं. आवरणावरचा आकडा वाचायचा. निकेलच्या एका सेलचा दाब १.२ व्होल्ट. असे चार सेल जोडले की ४.८ व्होल्ट, सहा जोडले की ७.२. लिथियमचा एकच सेल ३.७ व्होल्टचा असतो, दोन जोडले की ७.४. म्हणजे ४.८ किंवा ७.२ लिहिलेलं असेल तर निकेल, ३.७ किंवा ७.४ असेल तर लिथियम. पुढचं सगळं यावर ठरतं.

वायर तुटते कुठे? दोन जागा ठरलेल्या. एक प्लगच्या मुळाशी, कारण मुलं प्लग धरून काढत नाहीत, वायर धरून ओढतात. दुसरी सेलजवळच्या सोल्डरच्या टाक्यापाशी. आतल्या तांब्याच्या बारीक तारा लवचीक असतात, पण टाका मारताना सोल्डर त्या तारांत थोडं वर चढतं आणि तेवढा भाग कडक होतो. कडक भाग संपतो आणि मऊ भाग सुरू होतो, नेमक्या त्या जागी वायर पुन्हा पुन्हा वाकते आणि एकेक तार तुटत जाते. बाहेरचं रबर मात्र अखंड दिसतं. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये.

तपासणी अशी करते. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा आणि प्लगच्या दोन पिनांवर काड्या टेकवायच्या. शून्य आलं तर आवरण थोडं सोडवून थेट सेलच्या पट्ट्यांवर मोजायचं. तिथे ४.८च्या आसपास दिसलं तर सेल जिवंत आहेत आणि दोष वायरीत आहे. आकडा येतो-जातो असं झालं तर काड्या तशाच धरून वायर हळूच हलवायची. जिथे आकडा उड्या मारतो तिथेच तुटलेलं असतं. बीप वाजवणारी कंटिन्युटी जोडलेल्या बॅटरीवर कधीही लावू नये. त्याने मीटर बिघडू शकतो.

आता जोडणी. पहिला नियम, दोन्ही वायरी एकदम कापायच्या नाहीत. पक्कडीचं पातं लोखंडी असतं. लाल आणि काळी एकाच वेळी त्यात आल्या की शॉर्ट होऊन ठिणगी उडते. एक वायर सोलायची तेव्हा दुसरीच्या टोकाला टेप हवी. लाल वायर जिथे जोडाल त्याच्या बोटभर पुढेमागे काळीचा जोड घ्यायचा, म्हणजे पुढे टेप सुटली तरी दोन जोड एकमेकांना लागणार नाहीत. नवी वायर जुनीइतकीच जाड घ्यायची. बारीक घेतली तर मोटर जोर लावते तेव्हा ती तापते.

श्रिंक ट्यूबचा तुकडा आधीच वायरीत ओवून ठेवायचा. टोकं अर्धा सेंटीमीटर सोलून पिळायची, किंचित फ्लक्स लावायचा, आयर्न तारांना टेकवायचं आणि सोल्डर तारांवर वितळू द्यायचं. टाका गुळगुळीत आणि चकचकीत दिसला पाहिजे. भुरकट, खडबडीत गोळी झाली तर तो ड्राय टाका, आठवड्याभरात सुटणार. मग ट्यूब जोडावर सरकवून गरम करायची. प्लग नवा लावत असाल तर नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका. सारख्या दिसणाऱ्या प्लगांमध्ये प्लस-मायनस उलटे निघतात. मीटरने खात्री करा, कारण उलटा करंट गेला की गाडीचं सर्किट क्षणात जातं.

डहाणू, चिंचणी, झाई इथल्या घरांतून येणाऱ्या बॅटऱ्यांत आणखी एक गोष्ट सापडते. वायर सोलली की आतलं तांबं काळं पडलेलं असतं. समुद्राची खारी, दमट हवा रबराच्या आतून तारांवर चढत जाते. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, गोळी होऊन घसरतं. अशा वेळी चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे सोलत जायचं. तेही नाही लागलं तर पूर्ण वायर बदलायची. तलासरीकडे हा त्रास कमी. तिथे धूळ आणि ओढाताण जास्त, म्हणून तिथल्या वायरी प्लगपाशीच तुटतात.

हे काम नुसतं खेळण्यापुरतं नाही. २०१८च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी आणि भोवतालच्या गावांत भूकंपाचे धक्के बसू लागले. डहाणू-तलासरीतली माणसं थंडीत घराबाहेर झोपत होती. तेव्हा दुकानात चार्जिंगचे कंदील आणि टॉर्च यायचे, आणि त्यांतही दोष हाच निघायचा. अंधारात लेकरं घेऊन बसलेल्या बाईला त्या उजेडाची किंमत काय, ते मी पाहिलं आहे. गाडीची वायर जोडायला शिकलेला मुलगा घरचा टॉर्चही जोडू शकतो.

पण कुठे थांबायचं हेही तितकंच शिकलं पाहिजे. निकेलच्या पॅकमध्ये सेलांना जोडणारी पट्टी शिल्लक असेल तर तिच्यावर पटकन टाका मारता येतो. लिथियमच्या सेलवर थेट आयर्न टेकवू नये. आतला पातळ पडदा उष्णतेने वितळला तर सेल आतल्या आत शॉर्ट होतो आणि पेट घेतो. त्याची पट्टी स्पॉट वेल्डिंग यंत्रानेच बसवतात. ते यंत्र नसेल तर काम परत करावं. फुगलेली, चेपलेली, गोडसर वास येणारी बॅटरी तर मी दुरुस्तीला घेतच नाही. ती चार्ज करायची नाही, घराबाहेर कोरड्या वाळूत ठेवायची. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, त्याच्यावर चढवायचा नाही. म्हणून निकेलचा चार्जर लिथियमला लावणं म्हणजे आगीला निमंत्रण. चार्जिंग लादीवर करावं, अंथरुणावर नाही, आणि सगळे झोपल्यावर तर मुळीच नाही.

खरोखर संपलेल्या बॅटरीचं काय? केंद्राच्या २०२२च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कचऱ्याच्या डब्यावर फुली मारलेलं चिन्ह बॅटरीवर असतं ते याचसाठी. कॅडमियम विषारी आहे. जमिनीत गेलं की पिकात येतं. डहाणू तालुका २० जून १९९१च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. इथल्या चिकूच्या वाड्यांत आणि भातखाचरांत जुन्या बॅटऱ्या पडू देणं मला मान्य नाही. तांब्यासाठी वायरी जाळणंही थांबायला हवं. त्या प्लास्टिकचा धूर छातीला घातक असतो, आणि शेकोटीभोवती बसतात ती लहान मुलंच. माझ्या दुकानात मेलेल्या बॅटऱ्यांचा वेगळा डबा आहे. टोकांना टेप लावून मी त्या साठवते आणि भंगारात न देता अधिकृत गोळा करणाऱ्याकडे पोचवते.

माझी मागणी छोटी आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत आश्रमशाळा आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. विज्ञानाच्या पुस्तकात विद्युत परिपथ असतो. मुलं तो वहीत काढतात आणि विसरतात. प्रत्येक शाळेत एक मल्टिमीटर आणि एक सोल्डरिंग आयर्न ठेवा. शिक्षकांच्या देखरेखीत मुलांना निकेलच्या पॅकची तुटलेली वायर शोधू द्या, जोडू द्या, आणि लिथियमला हात का लावायचा नाही तेही सांगा. शिकवायला कोणी नसेल तर मला बोलवा. पेटी घेऊन मी येईन.