डॉ. एलिनॉर झेलियट : चळवळीच्या इतिहासकार

केवळ सरकारी दप्तरांवरून लिहिलेल्या इतिहासात शोषित समाजाचा स्वतःचा आवाज क्वचितच उमटतो. अमेरिकन विदुषी डॉ. एलिनॉर झेलियट (१९२६–२०१६) यांच्या संशोधनाचे महत्त्व आम्हांस नेमके येथे जाणवते. १९६०च्या दशकात त्या महाराष्ट्रात आल्या आणि चळवळीत प्रत्यक्ष वावरलेल्या माणसांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या. बाबासाहेब व महार समाजाची चळवळ या विषयावरील त्यांचा प्रबंध १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मान्य झाला. त्याच वर्षापासून १९९७पर्यंत मिनेसोटा राज्यातील कार्लटन महाविद्यालयात त्यांनी इतिहासाचे अध्यापन केले.

धर्म, राजकारण आणि साहित्य यांना त्यांनी वेगवेगळ्या कप्प्यांत टाकले नाही. ‘फ्रॉम अनटचेबल टू दलित’ (१९९२) या त्यांच्या ग्रंथात संत चोखामेळा, १९५६चे धम्मदीक्षेचे पर्व आणि दलित साहित्य एकत्र येतात. अस्पृश्यतेच्या वेदनेपासून स्वाभिमानापर्यंतचा प्रवास त्यातून स्पष्ट होतो.

‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) या पत्रांनी हा स्वाभिमान घडविला. त्यांचे जीर्ण अंक, जलशांच्या गीतांच्या वह्या, परिषदांची पत्रके आजही काही घरांत असतील. रद्दीत गेलेला कागद परत मिळत नाही आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्यासोबतच जातात. सातासमुद्रापलीकडील एका प्राध्यापिकेने ज्याला इतिहासाचे साधन मानले, ते जतन करणे आपले कर्तव्य आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरापासूनच या कार्यास आरंभ करावा, हीच मंगलकामना.