कर्नाळ्याच्या थंडीतला राखी पाहुणा

नवी मुंबईतल्या पक्ष्यांचा विषय निघाला की बोलणे रोहितांकडे, म्हणजे फ्लेमिंगोंकडे, वळते. हजारोंनी उतरणारे ते गुलाबी थवे पाहायला दुर्बीणही लागत नाही. त्यांच्यामुळे ठाणे खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2022 मध्ये तिचे नाव रामसर यादीत गेले. पनवेलच्या पुढे, कर्नाळ्याच्या जंगलात, पक्षीनिरीक्षकांचा आणखी एक हिवाळी शोध वर्षानुवर्षे चालू आहे. तिथला पक्षी बुलबुलाएवढा लांब, पण अंगाने सडपातळ आणि राखाडी. पानांच्या गर्दीत तो बहुतेकदा दिसतच नाही.

हा राखी निखार, म्हणजे ॲशी मिनिव्हेट. इतर निखार लाल-पिवळ्या रंगांनी लगेच ओळखू येतात. याच्या अंगावर त्यातले काहीच नाही: वर राख, खाली पांढरे, नराच्या डोक्यावर काळी टोपी आणि कपाळ पांढरे. सिंगापूर वसवणाऱ्या स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी 1822 मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. त्याची वीण जपान, कोरिया, ईशान्य चीन आणि रशियाच्या अतिपूर्वेकडच्या जंगलांत होते आणि हिवाळा काढायला तो आग्नेय आशियात उतरतो. त्या वाटेवर कर्नाळा येतच नाही. तरीही कर्नाळ्याच्या दुर्मीळ पक्ष्यांत त्याची नोंद आहे, आणि ती वाचूनच नवे पक्षीनिरीक्षक जानेवारीच्या पहाटे स्वेटर-कानटोपी घालून इथे येतात.

मुंबईच्या पक्ष्यांचा पद्धतशीर अभ्यास तसा जुना. सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी 1936 ते 1939 या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर लेखमाला लिहिली. तिच्या नावातच मर्यादा होती. खाडीपलीकडचा पनवेल-उरणचा मुलूख तिच्या बाहेर राहिला. कर्नाळा 1968 मध्ये पक्षी अभयारण्य झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होते. पुढे ते बारा चौरस किलोमीटरांवर गेले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची, वाशीचा खाडीपूल 1973 चा. म्हणजे हे जंगल राखीव झाले ते नव्या शहराची पायाभरणी होण्याआधी. हा क्रम उलटा असता तर त्या उतारांवर आज काय उभे असते, याचा विचारही नकोसा वाटतो.

1992 मध्ये लोकल वाशीला पोहोचली, मग पनवेलपर्यंत गेली, आणि कर्नाळा रविवारच्या आवाक्यात आला. 2005 मध्ये मुंबईत बर्ड रेस सुरू झाली. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत जास्तीत जास्त जाती नोंदवायच्या, या खेळाने अनेक हौशी माणसांना वही आणि दुर्बीण हाती घ्यायला लावली. पुढे ई-बर्डसारख्या नोंदवह्या फोनवर आल्या आणि एकट्यादुकट्याची सकाळही सामायिक नोंदींत जमा होऊ लागली. अलीकडे राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. पहिली तारीख निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माची, शेवटची सालिम अलींच्या. हिवाळी पाहुण्यांच्या मोसमाची सुरुवातही याच दिवसांतली.

कोकणातली थंडी ती केवढी, असे देशावरचे लोक म्हणतील. पण 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझचा पारा 7.4 अंशांवर उतरला होता, आणि आजही उत्तरेचे वारे सुटले की डोंगरकपारीत हुडहुडी भरते. अशा सकाळी घाई करून उपयोग नसतो. गारठ्यात किडे हलत नाहीत, म्हणून त्यांच्यावर जगणारे पक्षीही गप्प असतात. झाडांच्या शेंड्यांवर ऊन आले की मिश्र थवा जागा होतो: पुढे भृंगराज, मागोमाग नीलांग, स्वर्गीय नर्तक, निखार. अभयारण्यातल्या हरियाल किंवा मोरटाका या पायवाटांवर थांबलेल्यांना मग प्रत्येक निखार नीट तपासावा लागतो. छोट्या निखाराची मादीही वरून राखाडी असते; तिच्यावरचा फिकट पिवळा-नारिंगी रंग दिसला की आशा मावळते. सगळा थवा पाच मिनिटांत पुढे निघून जातो.

दुर्मीळ पाहुणा नाही दिसला, तरी हिमालयात वीण करणारा निळ्या टोपीचा कस्तूर इथे खात्रीने भेटतो, आणि खाडीकाठच्या बोरूच्या बेटांत शंकर पक्षी गळ्यावरचा निळा पट्टा मिरवतो. काहीजण फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढू पाहतात. एवढा प्रवास करून आलेल्या जिवाला फोटोसाठी असे दमवणे चुकीचेच.

या शोधातला खरा अडथळा आवाजाचा आहे. असे पक्षी आधी ऐकावे लागतात, आणि मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातूनच जातो. ट्रकांच्या घरघरीत निखाराची बारीक, थरथरती हाक हरवते. अभयारण्याबाहेरची स्थिती आणखी नाजूक आहे. खारघरच्या डोंगरावरच्या गवताळ माळाला आणि बोरूच्या बेटांना कर्नाळ्यासारखे संरक्षण नाही, आणि तिथले पाहुणे रोहितांसारखे लांबून दिसतही नाहीत. ती ठिकाणे राखायची तर तिथे कोण उतरते हे कागदावर असायला हवे, म्हणून रिकाम्या हाताने परतणाऱ्यांच्या याद्याही मोलाच्या ठरतात. थंडी सरत आली, पांगारा आणि सावर फुलली की त्यांच्याभोवती पक्ष्यांची झुंबड उडते. हिवाळी पाहुणे मार्चनंतर परतू लागतात, आणि तोवर रविवारी सकाळी कर्नाळ्याच्या फाटकाशी दुर्बिणी गळ्यात अडकवलेली माणसे दिसतात.