उचल जोडीची, मार एकटीचा

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड तालुक्यात सिद्धगडच्या पायथ्याशी माणसांची गर्दी होते. १९४३ साली याच दिवशी, याच रानात, भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांना अभिवादन करावयास येणाऱ्या मंडळींच्या एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. भोवतालच्या कातकरी वाड्यांतील पुष्कळ घरे त्या दिवशी बंद असतात. दिवाळी झाली की ही कुटुंबे भिवंडी, कल्याण, शहापूरकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस ज्यांचा संसार भट्टीवरच्या खोपीत चालतो, त्यांच्या घरातील मारहाणीचा विचार करताना भट्टीचा हिशेब पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देण्याची प्रथा आहे: दारू. नवरा पितो, म्हणून मारतो. पण हाच नवरा पिऊन मुकादमावर हात टाकीत नाही, शेठजीवर तर नाहीच. नशा कितीही चढली तरी कोणाला मारल्यास काय किंमत पडेल, हा हिशेब त्याच्या डोक्यातून जात नाही. बायकोला मारण्याची किंमत शून्य आहे, एवढे त्याला पक्के ठाऊक असते. ती शून्य का आहे, हा खरा प्रश्न, आणि तो अर्थशास्त्राचा आहे.

आदिवासी समाजात स्त्री अधिक स्वतंत्र असते, असे आपण ऐकत आलो आहोत. त्यात तथ्य नाही असे नाही. ठाणे जिल्ह्यातील आदिवासी जमातींत हुंड्याऐवजी मुलीच्या बापाला देज देण्याची चाल आहे. विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नाही, आणि न पटल्यास काडी मोडून मोकळे होण्याचा रिवाजही आहे. काडीमोड हा शब्द पांढरपेशांच्या भाषेत लाजेने उच्चारला जातो. तेथे ती पंचांसमक्ष उरकण्याची गोष्ट आहे. म्हणजे मारकुट्या नवऱ्याला सोडून जाण्याचा दरवाजा रूढीने उघडा ठेवलेला आहे. त्याला कुलूप लावले ते उचलीने.

भट्टीवर माणूस कामाला लागत नाही, जोडी लागते. पावसाळ्यात घरातले धान्य संपते तेव्हापासून खावटी, बयाणा अशा नावांनी उचल दिली जाते, ती जोडीच्या श्रमावर. चिखल करणे, विटा पाडणे, उलथणे, रचणे हे सारे दोघे मिळून करतात, पुष्कळदा मुलेही हाताखाली असतात. मजुरी हजार विटांमागे ठरते. मात्र वहीत नाव एकाचे, नवऱ्याचे. आठवड्याची खर्ची त्याच्या हातात पडते आणि हंगामाअखेरचा हिशेबही त्याच्याशीच होतो. बाईने किती विटा उचलल्या याची नोंद कोठेच नाही, परंतु ती निघून गेली तर जोडी मोडते आणि उचल फिटत नाही, हे मात्र सर्वांना कळते.

म्हणून ती निघाली की तिला परत आणण्यात साऱ्यांचाच स्वार्थ असतो. नवऱ्याला कर्ज फेडावयाचे असते, शेठजीला विटा हव्या असतात, मुकादमाला आपली जबाबदारी निभवायची असते. राहता राहिला बाप. तोही त्या दिवसांत बहुधा दुसऱ्या कोणत्या तरी भट्टीवर, दुसऱ्या कोणाची उचल फेडीत असतो. माहेर म्हणून जावे तर तेथे दाराला कडी.

हे कुलूप आजचे नव्हे. याच जिल्ह्यात लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेणारा वारली बायकोसह त्याचा वेठबिगार होई. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जो लढा दिला, तो या पद्धतीवर घाव घालणारा होता. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला आणि अशी कर्जे रद्दबातल ठरली. तरीही कर्जात नवऱ्याबरोबर बायको गहाण पडावी, हा त्यातला गाभा उचलीच्या रूपाने शिल्लक राहिला आहे.

आम्ही वर्गात कुटुंब हे एकच एकक धरून फळ्यावर वक्र काढतो. त्या एककाच्या आत कोण कोणाला मारतो, हे आलेखात दिसत नाही. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये ‘सहकार्यातील संघर्ष’ अशी कल्पना मांडून या एककाला छेद दिला. घर मोडल्यास ज्याची अवस्था अधिक वाईट होणार, त्याला घरात पडते घ्यावे लागते, असे तिचे सार. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांचा केरळातील अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. जमीन वा घर यांपैकी काहीच नावावर नसलेल्या स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी दीर्घकाळ मारहाण सोसली होती. जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, घर असलेल्यांत १० टक्के, आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के होते. नुसत्या मजुरीने एवढा फरक पडत नाही. मजुरी करणाऱ्या स्त्रियांत मारहाण कमी आढळते, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत दिसत नाही. मजुरी दुसऱ्याच्या हातात जाऊ शकते. घराला दार असते, आणि ते आतून लावता येते.

याच सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील विवाहित वा पूर्वविवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के. एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्याने मारणे योग्य, असे मानणाऱ्या स्त्रिया ४५ टक्के आणि पुरुष ४४ टक्के निघाले. शिक्षणाने हिंसा घटते, पण नाहीशी होत नाही. तेव्हा शिक्षक-कारकुनांच्या वसाहतीतील वाचकांनी हा विषय दूरच्या वाड्यांचा समजून पान उलटू नये. पगाराच्या खात्याचे कार्ड नवऱ्याच्या खिशात असलेल्या बायका आपल्या कचेऱ्यांतही आहेत.

कायदे नाहीत असेही नाही. १९८३ साली भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम आले. जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमाने घेतली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तर दूरदर्शी म्हणावा असा आहे. त्याने आर्थिक छळ हीही हिंसा मानली, तात्पुरत्या वास्तव्याच्या ठिकाणीही अर्ज करण्याची मुभा दिली, आणि सामायिक घरात राहण्याचा हक्क पत्नीला दिला. परंतु भट्टीवरचे सामायिक घर म्हणजे शेठजीच्या जागेत कच्च्या विटा रचून उभी केलेली खोपी. न्यायाधीशाने तिला तेथे राहण्याचा हक्क दिला तरी हंगाम संपताच तो हक्क विटांबरोबर ट्रकमध्ये चढणार.

मग मालमत्तेकडेच वळावे लागते. येथे आदिवासी स्त्री आणखी एका अडचणीत आहे. हिंदू वारसा कायदा, आणि म्हणून त्यातील २००५ ची सुधारणाही, अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. उलट २००६ च्या वनहक्क कायद्याच्या चौथ्या कलमात विवाहितांचा पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे नोंदवावा, असे स्पष्ट लिहिले आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचेही तसेच. महाराष्ट्राला ही कल्पना अपरिचित नाही. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरवले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यावयास लावली. ती जमीनधारकांची चळवळ होती. ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांच्यासाठी वनपट्टा, घरकुल आणि भट्टीची वही हेच तीन कागद उरतात.

त्यांतल्या वहीबाबत नवा कायदा करण्याचीही गरज नाही. एकाच मजुरीचे दोन रकाने करावयाचे आहेत, बाईचा हिस्सा तिच्या खात्यात जमा करावयाचा आहे. बयाण्यापोटी कोणाला अडकवून ठेवता येत नाही, हे कामगार खात्याच्या निरीक्षकाने दिवाळीपूर्वी वाडीवर जाऊन तिला, नवऱ्याला नव्हे, सांगावयाचे आहे. भट्टीमालक म्हणतील की जोडीचे काम वेगळे मोजता येत नाही. हजार विटांमागे मालकाचा खर्च आणि नफा त्यांना पैशापर्यंत मोजता येतो. बाईने किती विटा वाहिल्या हे मोजणे त्याहून अवघड नाही.